गंगाधर मुकादमाचं उलटं गाऱ्हाणं

भोईवाड्यात गंगाधर परडकरबद्दल चांगलं बोलणारी माणसं नाहीत असं नाही. आहेत दोन-चार. पण त्यांनी टाकीबागेत कधी पाऊल टाकलेलं नसणार, एवढं नक्की.

टाकीबाग म्हणजे टेकडीवरच्या जुन्या पाण्याच्या टाकीमागची सार्वजनिक वनस्पतीबाग. झाडांच्या खोडांवर नावांच्या पाट्या, शाळांच्या सहली, संध्याकाळी फेऱ्या मारणारे पेन्शनर. गंगाधर तिथला मुकादम, म्हणजे माळ्यांवरचा माळी. पण रुबाब असा, की ही बाग त्याच्या आजोबांनी कणकवलीहून डोक्यावरून आणून इथे ठेवली आहे. बाकावर जोडपं बसलं की त्या बाकामागच्या क्रोटनला नेमकं तेव्हाच पाणी हवं असायचं, आणि पाइपाचं तोंड कधी कुठे वळेल त्याचा भरवसा नसायचा. एकदा एका निवृत्त बाईंनी बकुळीची खाली पडलेली फुलं ओच्यात घेतली, तर हा पठ्ठ्या ओरडत धावला. "अहो, पडलेलीच आहेत," बाई म्हणाल्या. "पडली ती बागेत पडली, तुमच्या घरात नाय पडली," गंगाधर म्हणाला आणि फुलं परत झाडाखाली टाकायला लावली. बाई पुन्हा बागेत आल्या नाहीत. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट एक माणूस कमी झालं म्हणून बरंच वाटलं.

वडील गिरणीत होते. संप झाला, गिरणी बसली, वडीलही घरी बसले, आणि मिसरूड फुटायच्या वयात गंगाधरला कुणाच्या तरी ओळखीने बागेत मजूर म्हणून चिकटवलं. त्या वेळच्या म्हाताऱ्या मुकादमाने त्याला पानघरात नेऊन उभं केलं आणि म्हणाला, आजपासून हे तू बघायचं. लाकडी पट्ट्यांचं, वरून वेलींनी झाकलेलं ते लांबट घर. आत कायम ओलसर सावली, कुंड्यांमधून बेगोनिया आणि आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, भिंतीच्या सांध्यांत रुजलेले नेचे. चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसांचा संसार बघितलेल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली, जिथे त्याच्यावर कोणी ओरडत नव्हतं. तो तिथे जो शिरला तो शिरलाच. पुढे लग्न झालं, बायको रमाबाई त्याच बागेत ठेकेदाराकडून झाडू मारायला लागली, मुलगी मेघना त्याच वाटांवर रांगली, शिकली, सिव्हिल इंजिनिअर झाली. पण गंगाधरचं घर कुठलं असं कोणी विचारलं असतं, तर खरं उत्तर पानघर हेच होतं.

आता खरं बोलायचं तर पानघर म्हणजे काही स्वर्ग नव्हता. निम्म्या पट्ट्यांना वाळवी, एका बाजूचं छप्पर दोरीने बांधलेलं. पाणी जास्त घालून घालून त्याने कित्येक आमऱ्या कुजवल्या होत्या आणि दोष दर वेळी हवेला दिला होता. लोकांसाठी बांधलेल्या त्या जागेत लोकांना येऊ द्यायचा नाही. "पानां दमतत माणसांच्या श्वासान," असं काहीतरी तो सांगायचा. ते कुठल्याच पुस्तकात नाही.

बागेतले माळी बहुतेक सगळे तळकोकणातले. पानघरामागे एक जुनी सातवीण आहे, तिच्या बुंध्याशी एक दगड आहे, आणि त्या दगडात बागेचा राखणदार. गावच्या वेशीवर असतो तसाच, जागेची राखण करणारा, नारळ-विडीवर खूश असणारा. बागेत कुठेही नवीन खणायचं असलं की आधी त्याला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सगळ्यांच्या वतीने केलेलं मोठ्याने बोलणं. ज्येष्ठ माणूस नारळ हातात घेऊन एकेक मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे मागून ओरडतात, "होय म्हाराजा!" त्या 'होय'शिवाय गाऱ्हाण्याला वजन नाही. बायकांनी तिथे उभं राहायचं नाही, हा गंगाधरचा स्वतःचा नियम. गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. रामजी मेस्त्री त्याच्याच वयाचा, त्याच्याआधी लागलेला माळी, पण त्याला गंगाधरने एकदाही नारळाला हात लावू दिला नव्हता.

अशा माणसाच्या बागेत एक दिवस शंतनु सबनीस आले.

सबनीस दादरचे आर्किटेक्ट. स्वच्छ इस्त्रीचा कुर्ता, स्वच्छ इस्त्रीचं मराठी. बागेच्या नूतनीकरणाचा आराखडा त्यांनी केला होता, आणि तो समजावून सांगायला त्यांनी माळ्यांना आणि आसपासच्या लोकांना मांडवात बोलावलं. पडद्यावर चित्रं झळकली. व्हीलचेअर जाईल अशी वाट, रोपवाटिका, मुलांसाठी प्रयोगघर, बायका-पुरुषांसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलायला कामगारांची खोली. चित्रांत सगळीकडे हसणारी माणसं.

"आणि आमचा पानघर खय?" गंगाधर उभा राहून म्हणाला.

"पानघर आपण उत्तरेला नवीन बांधतोय, मुकादम. दुप्पट मोठं. स्वच्छतागृह मात्र आत्ताच्या पानघराच्या जागीच घ्यावं लागेल. मलवाहिनी फक्त त्याच बाजूने जाते."

"म्हणजे माझ्या पानांच्या जागेर लोक मुतणार."

मांडवात हशा पिकला. सबनीस हसले नाहीत. "मुकादम, बागेत रोज हजारो माणसं येतात. त्यांना ही सोय नको?"

"नको! येवक कोणी सांगला त्यांका?"

पुन्हा हशा. गंगाधरला वाटलं लोक त्याच्या बाजूने हसतायत. मागे झाडू टेकवून रमाबाई उभी होती. ती हसली नव्हती, पण तिच्याकडे बघायची सवय त्याला नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा कालचा पोरगा पडद्यावर चित्रं दाखवणार आणि माझं पानघर उठवणार? बघतोच कसा उठवतो ते.

भूमिपूजनाला पाहुणे आले, हारतुरे झाले. पाहुण्यांनी फाटकापाशी सजवलेल्या चौकोनात चांदीच्या मुलाम्याची कुदळ टेकवली, फोटो झाले. मग सबनीसच म्हणाले, "इथल्या कामगारांची एक छान परंपरा आहे, तीही होऊ द्या." सगळा लवाजमा सातविणीखाली आला. गंगाधरने नारळ घेतला, टोपी सारखी केली.

"बा राखणदारा म्हाराजा! तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी आसत, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" माळी ओरडले.

"ह्या जाग्याची तू आजपर्यंत राखण केलंस, तशीच पुढे कर, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण ह्या पानघराच्या जागेत पयली कुदळ मारतलो, तेच्या घरात दिवो लावूक माणूस उरूक नको, रे म्हाराजा!"

"होय म्हा..."

तोंडाला सवय. शब्द बाहेर पडल्यावर माळ्यांना कळलं आपण कशाला हो म्हटलं ते. रामजीचा हात तोंडावर गेला. पण गाऱ्हाण्याच्या सुरातली भरभर मालवणी पाहुण्यांना कुठली कळायला? त्यांनी टाळ्या वाजवल्या. सबनीसांनी सगळं मोबाइलवर टिपून घेतलं आणि म्हणाले, "वा! काय जिवंत परंपरा आहे!" गंगाधरने नारळ फोडला. इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

आणि झालं त्याला हवं तसंच. बाकीच्या बागेत काम धडाक्यात सुरू झालं, वाटा उखडल्या, पाइप आले. पानघरापाशी मात्र सगळं अडलं. माळ्यांनी मजुरांना सांगितलं, मजुरांनी मशीनवाल्याला सांगितलं. मजूर कुठले कुठले, कोणी सोलापूरचे, कोणी झारखंडचे, पण घर सगळ्यांना असतं. ठेकेदाराच्या माणसाने जास्त हजेरीचं आमिष दाखवलं, दमही दिला. कोणी कुदळ उचलेना. गंगाधर रोज पानघराच्या दारात स्टूल टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनिअरला म्हणायचा, "मारा की. मी खय धरलंय तुमका?"

त्या दिवशी सकाळीही तो स्टुलावर चहा पीत बसला होता. केशरी जॅकेट, पिवळं हेल्मेट घातलेलं कोणीतरी वाटेने येताना त्याने बघितलं. चालणं ओळखीचं वाटलं आणि चहा तसाच हातात राहिला. मेघना होती.

ती ठेकेदाराच्या कंपनीत होती हे त्याला माहीत होतं, पण वडाळ्याच्या साइटवर. घरात दोघांचं बोलणं असंही जेवायला वाढलंय की नाही इतपतच.

"तू हय कशी?"

"बदली मागून घेतली. ही साइट आता माझ्याकडे आहे." तिने मजुराच्या हातातली कुदळ घेतली.

गंगाधर ताडकन उठला. "मेघना, खाली ठेव ती! मी काय बोललंय तां तुका माहीत नाय!"

"शब्द न् शब्द माहीत आहे. सबनीस सरांनी सगळ्या ग्रुपवर टाकलाय तुमचा व्हिडिओ. त्यांना कळलं नाही, मला कळलं."

"अगो, तां दुसऱ्यांक होतां! तुका नाय!"

"दुसरं कोण, बाबा? हा?" तिने शेजारच्या मजुराकडे हात केला. "ह्याला चालतं?"

"तुका राखणदाराची भीती नाय?"

"नाही. मला तुमची होती, लहानपणी. तीपण गेली."

आणि तिने कुदळ मारली. पानघराच्या उंबऱ्याला लागून, दोन्ही हातांनी, चांगली खोल. मजुरांपैकी कोणीतरी 'हे राम' म्हटलं. गंगाधरच्या हातातला ग्लास पडला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिचं घर म्हणजे कुठलं? तिचं लग्न झालेलं नव्हतं. तिचं घर म्हणजे त्याचंच घर. स्वतःच्या तोंडाने त्याने स्वतःच्या घरावर वरवंटा फिरवला होता, आणि दहा-बारा माणसांकडून त्यावर 'होय' म्हणवून घेतलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा खोलीत अंधार होता. देव्हाऱ्यासमोर रमाबाई नुसती बसली होती.

"आज दिवो नाय?" त्याने विचारलं.

"कशाक? ह्या घरात दिवो लावूक कोण उरूचा नाय म्हणान तुमीच सांगून इलात ना? मगे आजपासूनच बंद करूया."

"मी काय आपल्या पोरीक बोललंय?"

"मगे कोणाच्या पोरीक बोललात?" रमाबाई एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला. "त्या खड्ड्यात कोणाची तरी पोर नायतर कोणाचो तरी झील उतरतलोच होतो. तेंका आवशी-बापूस नाय?"

गंगाधर टोपी खुंटीला लावायला वळला. पण ती गप्प होणार नव्हती. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि आता झाकण उडालं होतं.

"तुमच्या बागेत जन्मभर झाडू मारलंय. सकाळी घरातसून निघताना घोटभर पाणी पिवक भियांय मी. कित्याक? बागेत बायकांनी जावचा खय? दिवसभर दाबून धरूचा, कसाबसा काम उरकून घरी येवचा, मगे मोकळा होवचा. किडनीची वाट लागली माझ्या. हॉस्पिटलात उशाशी कोण होता? मेघना. शाळेतली पोर, अभ्यास सोडून माझी भांडी काढी होती. तुमी खय होतात? पानघरात पानां पुशी होतात!"

"माका सांगलंस कधी?"

"तुमका सांगूचा लागता? बायको माणूस आसा ह्यां सांगूचा लागता?"

तिने दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्याशी बोलली नाही, ताट वाढून समोर सरकवलं आणि उठून गेली. मेघना उशिरा येई, आईजवळ झोपे, सकाळी निघून जाई. तिला ताप नाही, ठेच नाही, काही झालं नव्हतं. पण ती जिना उतरायला लागली की गंगाधर गॅलरीत येऊन कठडा धरून उभा राही, ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत. एकदा एक टँकर तिच्या जवळून गेला तेव्हा तो अनवाणीच अर्धा जिना उतरून गेला. त्याने स्वतःलाच शिवी हासडली.

शेवटी तो रामजीकडे गेला. रामजी रोपांच्या पिशव्या भरत बसला होता. त्याने वर बघितलंच नाही.

"रामजी, गाऱ्हाणां परत घालूचा आसा. सगळ्यांका बोलव."

"आता इलंस?" रामजी मातीचे हात झटकत म्हणाला. "वाकडां घालताना माका इचारलंस? सगळ्यांच्या तोंडातसून 'होय' काढून घेतलंस. माझी नातवंडां आसत, गंगाधर. त्या दिसापासून माका झोप नाय."

"म्हणानच सरळ घालूया."

"अर्ध्याक मी 'होय' म्हणूचंय नाय, आधीच सांगतंय. राखणदाराक तू म्हटलंस, पानघर राख, माणसां खा. आता पोर परत मागतंस तर पानघर देवक व्हया. तोंडान. सगळ्यांदेखत. पोरपण माझी आणि पानघरपण माझा, ह्यां जमाचा नाय."

गंगाधरच्या तोंडात त्याला हाणण्यासारखी दहा वाक्यं आली. मुकादम म्हणून, ज्येष्ठ म्हणून, गाववाला म्हणून. ती सगळी गिळून त्याने विचारलं, "उद्या सकाळी येतलंस?"

सकाळी सगळे सातविणीखाली जमले. तोवर कुंड्या रामजीच्या माणसांनी जाळीच्या शेडमध्ये हलवल्या होत्या. पानघर रिकामं, नुसते भिंतीतले नेचे राहिलेले. ते कोण हलवणार? मशीन वाटेवर उभं होतं. मेघना त्याच्याजवळ, हाताची घडी घालून. रमाबाई झाडू घेऊन आली आणि सरळ माळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गंगाधरने तिच्याकडे बघितलं. बायकांनी इथे उभं राहायचं नाही, हे त्याला आठवलं आणि तिलाही आठवलं असणार, कारण तिने झाडू जमिनीवर जोराने आपटून टेकवला. गंगाधरने नारळ उचलला.

"बा राखणदारा म्हाराजा," त्याने सुरुवात केली. आवाज नेहमीचा नव्हता. "माझ्या तोंडातसून जां वाकडां गेलां, तां पोटात घाल, रे म्हाराजा."

कोणी बोललं नाही.

"जेणां कुदळ मारल्यान ती माझी पोर आसा. तिका राख, रे म्हाराजा!"

सातविणीवर कावळा ओरडला. माळी पायांकडे बघत उभे. रामजी त्याच्याकडे टक लावून बघत होता, जरासुद्धा दया न दाखवता. मशीनवाल्याने विडी विझवली. गंगाधरला कळलं, हे लोक ऐकणार नाहीत. त्याने इतक्या वर्षांत कोणाचं ऐकलं होतं? मनात राग असा उसळला, की वाटलं नारळ फेकून द्यावा आणि पानघरात शिरून दार लावून घ्यावं. त्याने मान वळवली. पट्ट्यांमधून कोवळं ऊन आत पडलं होतं आणि भिंतीतल्या नेच्यांवर नुकतीच नव्या पानाची गुंडाळी सुटत होती. आता ही उघडायची नाही, हे त्याला दिसलं, आणि त्याला रडू फुटलं. चारचौघांत, टोपीसकट. त्याने ते पुसलं नाही.

"ह्यां पानघर," तो म्हणाला, आणि थांबला. "ह्यां पानघर माझा न्हय. माझा कधीच नव्हता. ह्यां मी तुझ्या हवाली करतंय. तूच आपल्या हातान पाड, रे म्हाराजा. आणि हय जां काय होतला, बायकामाणसांसाठी, तां नीट होऊं दे, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

पहिला आवाज रमाबाईचा होता. उंच, चिरका, त्या जागी कधीच न ऐकलेला. मग रामजीचा, मग सगळ्यांचा. गंगाधरने नारळ दगडावर आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

तो वळला तेव्हा मेघना समोर होती. त्याला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. पाया पडेल. निदान बाबा म्हणून हाताला धरेल. तिचे डोळे लाल होते, पण हात जॅकेटच्या खिशातच होते.

"झालं तुमचं?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग बाजूला व्हा, बाबा. मशीन येतंय."

गंगाधर बाजूला झाला.